फ्लामिनिया: रेघ घेतली, माप राहिलं

तेरा वर्षांत साडेतीन हजारसुद्धा नाहीत. १९५७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली आणि १९७० मध्ये बंद झालेली, इटलीच्या लान्चा कंपनीची फ्लामिनिया, म्हणजे तिची चार दारांची बर्लिना, एवढीच बनली. तरीही साठच्या दशकात युरोपात, पूर्व आफ्रिकेत किंवा अर्जेंटिनात वाढलेल्या माणसाला तिचा फोटो दाखवला, तर तो म्हणेल की ही गाडी मी पाहिली आहे. बहुतेक वेळा त्याने ती पाहिलेली नसते. तिचा पातळ टप, तिच्या कमरेवरून हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली सरळ कड, तिच्या मागच्या मडगार्डांची छाटलेली टोकं त्याने दुसऱ्याच गाडीवर पाहिलेली असतात. त्या दुसऱ्या गाड्या लाखांनी विकल्या गेल्या.

जुन्या इटालियन गाड्यांबद्दल बोलताना लोक लाल रंगाच्या, दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्यांबद्दल बोलतात. त्या सुंदर आहेतच. पण माझं मन अडकलं आहे ते या लांब, गंभीर, राखाडी-निळ्या चार दारांच्या गाडीत. दोन माणसांसाठी सुंदर गाडी काढणं त्या मानाने सोपं. मागच्या सीटवर टोपी घातलेला माणूस ताठ बसला पाहिजे, त्याचे गुडघे पुढच्या सीटला लागता कामा नयेत, डिकीत चार बॅगा मावल्या पाहिजेत, आणि एवढं करून गाडी रस्त्यात उभी असताना माणसाने थांबून तिच्याकडे बघितलं पाहिजे, हे फार अवघड. फ्लामिनियाला ते जमलं.

सुरुवात तिच्या दोन वर्षं आधीची आहे. १९५५ च्या तुरीन मोटार प्रदर्शनात पिनिन फारिना या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने लान्चाच्या ऑरेलियावर बेतलेली एक गाडी ठेवली होती. नाव फ्लोरिदा. युद्धानंतरची युरोपियन गाडी तोवर फुगीर झालेली होती. मडगार्डं बॉडीत विरघळली होती, पण बॉनेट अजून मधोमध उंच, टप घुमटाकार, मागचा भाग ओघळलेला. अमेरिकेत गाड्या लांबरुंद झाल्या होत्या आणि त्यांच्यावर क्रोमच्या पट्ट्या वाढत चालल्या होत्या. फ्लोरिदाने या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या. खाली एक लांब, आडवा, स्पष्ट कडांचा खोका. त्याच्यावर काचेचा दुसरा आकार, वरती निमुळता होत जाणारा, शाळेच्या भूमितीतला समलंब चौकोन. दोन्ही आकार एकमेकांत मिसळत नाहीत. खालचा कुठे संपतो आणि वरचा कुठे सुरू होतो हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येतं. बॉनेट मडगार्डांच्या मधे सपाट निजलेलं. टपाचे खांब इतके बारीक की टप काचेवरच टेकला आहे असं वाटावं. तिच्या चार दारांच्या आवृत्तीत तर मधला खांबच नव्हता.

आज हे वाचताना वाटेल, यात काय विशेष? सगळ्या सेडान अशाच तर असतात. पण त्या अशा असतात, कारण १९५५ साली ही अशी दिसली.

ज्यांच्या नावाची ती कंपनी होती ते बत्तिस्ता फारिना १८९३ चे. अकरा भावंडांतले दहावे, म्हणून घरात त्यांना पिनिन म्हणत, म्हणजे धाकटा. थोरल्या भावाच्या बॉडी बांधायच्या दुकानात ते अगदी पोरवयात कामाला लागले आणि १९३० मध्ये तुरीनमध्येच त्यांनी आपलं स्वतःचं काम सुरू केलं. युद्ध संपल्यावर १९४६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हरलेल्या देशांतल्या कंपन्यांना जागा दिली नाही, तेव्हा ते आणि त्यांचा मुलगा सर्जो आपल्या दोन गाड्या घेऊन निघाले आणि प्रदर्शनाच्या इमारतीबाहेर रस्त्यावरच त्या उभ्या केल्या. त्यांच्या चिसितालिया २०२ या छोट्या, दोन दारांच्या कूपेला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात जागा दिली. ती गाडी म्हणजे एकसंध वाहता आकार, कुठेही न तुटणारा. फ्लोरिदा त्याच्या बरोब्बर उलट. ज्या गोलाईने जगात नाव झालं, ती सोडून साठीला टेकलेल्या माणसाने पुन्हा कोरा कागद घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं. फ्लोरिदाची दुसरी आवृत्ती, दोन दारांची, १९५७ मध्ये आली. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली आणि रोजच्या वापरात चालवली. आयुष्यभर इतरांसाठी गाड्या काढणाऱ्या माणसाने स्वतःसाठी कोणती निवडली, यावरून त्याला स्वतःच्या कामातलं काय जवळचं होतं ते कळतं.

लान्चासाठी मात्र हा काळ वाईट होता. १९०६ साली विन्चेन्झो लान्चा यांनी एका जोडीदाराबरोबर सुरू केलेली ही कंपनी हिशेबाआधी इंजिनिअरिंग बघायची. १९२२ च्या लाम्ब्दात वेगळी चासी काढून बॉडीलाच सांगाडा केलं होतं. १९५० च्या ऑरेलियात फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी बसवलेलं व्ही६ इंजिन हे विक्रीसाठी तयार झालेल्या गाडीतलं जगातलं पहिलं. विन्चेन्झोंचे चिरंजीव जान्नी यांनी त्यावर शर्यतींचा ध्यास घेतला, डी५० ही फॉर्म्युला वनची गाडी तयार करवली आणि तुरीनमध्ये रस्त्यावरून कमान टाकून उभी राहणारी सोळा मजली कचेरी बांधायला काढली. पैसा संपत गेला. २६ मे १९५५ ला त्यांचा मुख्य चालक अल्बेर्तो अस्कारी मोंझाच्या ट्रॅकवर दुसऱ्याच कंपनीची गाडी चालवताना गेला. लान्चाने शर्यती सोडल्या आणि डी५० गाड्या फेरारीच्या हवाली केल्या. पुढच्या वर्षी फांजिओने त्याच गाड्यांवर जगज्जेतेपद मिळवलं. कंपनी कुटुंबाच्या हातून सुटून सिमेंटच्या उद्योगातल्या कार्लो पेसेंती यांच्याकडे गेली. अंतोनिओ फेस्सिया हे इंजिनिअर तांत्रिक बाजूचे प्रमुख झाले.

म्हणजे फ्लामिनिया जन्माला आली ती घर बदललेल्या कंपनीत. अशा वेळी नवा मालक सहसा स्वस्त आणि पुष्कळ खपणारं काहीतरी करायला सांगतो. इथे उलट घडलं. फ्लोरिदाचा आकार जवळजवळ तसाच घेतला गेला. दारांच्या मधे खांब आला, मागची दारं नेहमीसारखी पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडू लागली, बाकी मूळ चित्र वाचलं. प्रदर्शनातली गाडी आणि शोरूममधली गाडी यांच्यात इतकं कमी अंतर फार क्वचित राहतं. मधल्या वाटेवर खर्चवाला, विक्रीवाला, कारखानावाला प्रत्येक जण एकेक टवका काढतो.

इथे मला माझ्या मामांबद्दल सांगायलाच हवं. कोल्हापूरला उद्यमनगरात ते पत्र्याचं काम करायचे. ठोकलेल्या गाड्या यायच्या, त्यात अॅम्बॅसेडर आणि फियाट सगळ्यात जास्त. मी सुट्टीत तिथे बसून राहायचो. पत्रा सरळ झाला की नाही हे मामा आधी डोळ्याने बघायचेच नाहीत. डोळे मिटून तळहात फिरवायचे. मग पत्र्यावर पाणी ओतून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचे. ते प्रतिबिंब कुठे वाकलं, थबकलं, तर तिथे अजून काम आहे. त्यांचं एक वाक्य माझ्या कानात आहे. "आरं, गोल पत्रा माफ करतोय. धार माफ करत न्हाई." अॅम्बॅसेडरच्या मडगार्डावर पाव सूत कमी-जास्त झालं तर गोलाई ते पोटात घेते. फियाटच्या मागच्या मडगार्डाची कड मात्र एकदा मोडली की पुन्हा तशीच सरळ आणायला मामांना दुसरा दिवस लागायचा, आणि तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही.

फ्लामिनियाच्या बाजूची ती लांब कड मी फोटोत बघतो तेव्हा मामांचं वाक्य आठवतं. जवळजवळ पाच मीटर लांबीच्या गाडीवर समोरपासून मागपर्यंत एक धार ओढायची म्हणजे मडगार्ड, दोन दारं आणि पुन्हा मडगार्ड अशा चार वेगवेगळ्या पत्र्यांवरून ती न अडखळता गेली पाहिजे. दार जरासं खाली बसलं, की रेघ तुटली. क्रोमची जाड पट्टी लावली तर असे दोष झाकले जातात. पुष्कळ कंपन्यांनी त्यासाठीच ती लावली असेल. शिवाय दिसायला सपाट असलेला पत्रा खराखुरा सपाट ठेवून चालत नाही. तसा ठेवला तर तो खोल गेल्यासारखा दिसतो आणि बोटाने दाबला की टक् करून आतबाहेर होतो. त्याला नजरेला कळणार नाही इतका फुगवटा द्यावा लागतो. फ्लामिनियाचा साधेपणा असा महाग आहे. दागिना कमी घातला म्हणून खर्च वाचला असं इथे झालेलं नाही.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. या गाडीची शोभा रेघेत आहे असं सगळे म्हणतात. मला वाटतं ती मापात आहे, आणि माप बॉनेटखालून व सीटखालून आलेलं आहे. व्ही६ इंजिन, २४५८ सीसीचं, सुरुवातीला १०२ अश्वशक्तीचं. सहा सिलिंडर एका रांगेत उभे केले तर इंजिन लांबलचक होतं. तीन-तीनच्या दोन रांगा इंग्रजी व्हीसारख्या केल्या की ते आखूड होतं. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच इंजिनाच्या मागे न ठेवता थेट मागच्या चाकांपाशी नेलेले. पुढे बसणाऱ्यांच्या पायांमधला गिअरबॉक्सचा उंचवटा गेला, वजन दोन्ही टोकांना वाटलं गेलं. मागची चाकं द दिओं पद्धतीच्या नळीने जोडलेली, म्हणजे चाकं एकमेकांशी समांतर राहतात पण जड डिफरन्शियल बॉडीला टांगलेला असतो. पुढच्या बाजूला लान्चाने लाम्ब्दापासून जपलेलं सरकत्या खांबाचं सस्पेन्शन सोडून देऊन नेहमीचे विशबोन, म्हणजे दुशाखी दांडे, घेतले. आणि या सगळ्यावर पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर २.८७ मीटर.

हा आकडा लक्षात ठेवा. इतकं अंतर मिळालं म्हणून मागचं दार पूर्ण रुंद झालं, टप लांब आणि पातळ दिसला, मागच्या मडगार्डांच्या छोट्या पंखांना त्यांच्यासमोर पुरेशी लांब आडवी रेघ मिळाली. इंजिनिअरने जागा करून दिली आणि चित्रकाराने ती उधळली नाही.

आतही तोच स्वभाव. लान्चाच्या गिऱ्हाइकाला कातड्यापेक्षा लोकरीच्या कापडाच्या सीट आवडत, उन्हाळ्यात चटका नाही आणि थंडीत गारवा नाही. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर. मागच्या काचेलासुद्धा वायपर. सेडानला मागे वायपर लावावा हे सुचायला मागे बसणाऱ्याचा आणि मागून येणाऱ्या रस्त्याचा खराच विचार करावा लागतो.

१९६१ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ इटलीला येणार होत्या. राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी यांच्यासाठी पिनिनफारिनाने फ्लामिनियाच्या लांब, उघड्या टपाच्या चार गाड्या बांधल्या. त्यांना ३३५ म्हणतात. चाकांमधलं अंतर ३३५ सेंटीमीटर, म्हणून ते नाव. जवळपास अर्धा मीटर वाढवूनही चित्र बिघडलं नाही. ताणल्यावर जे सुंदर राहतं त्याचा पाया पक्का असतो. आजही २ जूनला, इटलीच्या प्रजासत्ताक दिनाला, राष्ट्राध्यक्ष याच गाडीत उभे राहतात. त्याच १९६१ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने बत्तिस्ता फारिना यांना आडनाव बदलायची परवानगी मिळाली आणि घरचं लाडाचं नाव आडनावाला जोडलं जाऊन ते कुटुंब पिनिनफारिना झालं.

आता रेघ कुठेकुठे गेली ते बघू. फारिनांचं काम फक्त लान्चासाठी नव्हतं. ब्रिटनमधल्या बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, त्यांना बोलावलं आणि १९५८ च्या अखेरीपासून एकच बॉडी पाच नावांनी यायला लागली: ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली, वुल्झली. चौकोनी टप, कडेची रेघ, मागे पंख. ती बॉडी परवाना घेऊन अर्जेंटिनात सियाम दि तेल्ला १५०० झाली आणि ब्यूनस आयरिसच्या टॅक्सीत धावली. फियाटच्या १९५९ च्या १८०० आणि २१०० वर हीच छाया आहे. १९६० मध्ये फ्रान्समध्ये प्यूजो ४०४ आली. ती सगळी आवृत्त्या धरून अठरा लाखांहून अधिक बनली. पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत ती १९६३, १९६६, १९६७ आणि १९६८ अशी चार वेळा पहिली आली. चिखलातून, खड्ड्यांतून, टपावर सामान बांधून ती आफ्रिकेत कित्येक दशकं चालली.

यातल्या ४०४ बद्दल मला प्रेम आहे. तिच्या चाकांमधलं अंतर २.६५ मीटर. फ्लामिनियाइतकं नाही, पण प्यूजोने टप आणि पंख त्या बेताने कमी केले, आणि गाडी स्वतःच्या मापात उभी राहिली. ब्रिटिश गाड्यांचं तसं झालं नाही. तिथे अंतर साधारण २.५२ मीटर, चाकं बॉडीच्या आत ओढलेली, आणि त्यावर मोठ्या गाडीचे उंच पंख. ती गाडी मागून बघितली की मोठ्या भावाचा कोट घातलेल्या मुलासारखी दिसते. माझ्या या मताला कंपनीचाच पुरावा आहे: १९६१ मध्ये त्यांनी पंख छाटले, दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर वाढवलं आणि चाकांची लांबीतली जागाही थोडी वाढवली. म्हणजे रेघ इटलीतून आणता आली, माप घरीच करावं लागलं, आणि ते त्यांनी उशिरा केलं.

आपल्याकडे काय झालं? आपल्या अॅम्बॅसेडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. ब्रिटनमध्ये १९५९ साली तिची जागा याच फारिनाच्या चौकोनी ऑक्सफर्डने घेतली. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने मात्र त्याच्या थोडंसंच आधी जुन्या ऑक्सफर्डचे साचे आणून काम सुरू केलं होतं. दोन वर्षं इकडेतिकडे झाली असती तर कदाचित आपले मंत्री, कलेक्टर आणि लग्नातले नवरदेव फारिनाच्या रेघेखाली बसून फिरले असते. तसं झालं नाही आणि १९५५ मध्ये तुरीनने मागे टाकलेली गोलाई आपल्या रस्त्यावर २०१४ पर्यंत नवीकोरी निघत राहिली. याचं मला दुःख नाही. मामांचं पोट त्या गोलाईवर चाललं. पण चौकोनी टपाची सेडान म्हणजे काय, हे आपल्या डोळ्यांना बाकी जगापेक्षा उशिरा कळलं हे खरं.

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली फियाट ११००, पुढे पद्मिनी, ही फियाटच्या स्वतःच्या घरातली रचना. तिच्यावर फारिनांचा हात नव्हता. पण ज्या तुरीनच्या हवेत ती वाढली तिथे कड आणि पंख सगळ्यांच्याच कागदावर होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ते मागचं मडगार्ड, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटचं गेलं ते, त्या हवेचं आपल्याकडे आलेलं एक लहानसं रूप. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचा आकारही तुरीनच्याच जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा, म्हणजे त्या शहराचा वारा आपल्याला अगदीच लागला नाही असं नाही.

फ्लामिनिया स्वतः मात्र आपल्या लेकरांइतकी चालली नाही. तिच्या यांत्रिक भागांवर पिनिनफारिना, तूरिंग आणि झागातो यांनी बांधलेल्या दोन दारांच्या गाड्या मिळून बर्लिनापेक्षा कितीतरी जास्त खपल्या. एका कंपनीची मुख्य सेडान तिच्याच कूपेंपेक्षा कमी विकली जावी ही विलक्षण गोष्ट आहे. ती महाग होती, तिला बनवायला वेळ लागत होता. १९६३ मध्ये इंजिन २७७५ सीसीचं झालं, पण बाहेरून तिला काही केलं नाही. १९६९ मध्ये लान्चा फियाटकडे गेली आणि पुढच्या वर्षी फ्लामिनिया संपली. बत्तिस्ता त्याआधीच, एप्रिल १९६६ मध्ये गेले होते. तेरा वर्षं तिचा आकार बदलावासा वाटला नाही, हे तिच्या रचनेचं मला सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र वाटतं.

डिसेंबर २०१५ मध्ये बातमी आली की मुंबईचा महिंद्रा समूह पिनिनफारिना विकत घेतोय. मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, आणि तो आनंद कुणीतरी आपल्या माणसाने परदेशी नाव घेतलं एवढ्यापुरता नव्हता. मला वाटलं, आता फ्लोरिदाची कुळी आपल्या घराशी जोडली गेली. सव्वातीन वर्षांनी जिनिव्हात बत्तिस्ता नावाची विजेवर चालणारी गाडी आली. १९०० अश्वशक्ती, दोन जणांसाठी, जास्तीत जास्त १५० नग. कारागिरी तिच्यातही आहे. पण ज्यांचं नाव तिला दिलं त्या माणसाने स्वतःचं सगळ्यात दूरवर पोचलेलं काम चार-पाच माणसांच्या घरगुती गाडीसाठी केलं होतं.

विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, बॅटरी जमिनीत सपाट पसरलेली. फेस्सिया आणि दे विर्जिलिओ यांना जी जागा इतक्या कष्टाने मिळवावी लागली ती आज आयती हाताशी आहे. तरी बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्या उंच, जाड खांबांच्या आणि अरुंद काचांच्या आहेत. जाड खांबाला अपघातातल्या सुरक्षेचं कारण आहे, ते मला मान्य आहे. अरुंद काचेला ते पूर्ण पुरत नाही. उद्या चाकणहून किंवा नाशिकहून पिनिनफारिनाच्या हातची एक चार दारांची सेडान निघाली, लांब पाया, पातळ टप, मागे बसणाऱ्याला कमरेपासून बाहेरचं दिसेल एवढी काच, तर मी तिच्या दिव्यांकडे आणि पडद्यांकडे नंतर बघेन. आधी टेप लावून तिच्या चाकांमधलं अंतर मोजेन.